अठरा पूर्ण झाल्यावर दवाखान्याचा खर्च: दिव्यांग प्रौढांच्या घरच्यांसाठी

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, आता बेचाळीस वर्षांचा आहे. डाउन सिंड्रोम, त्यातून थायरॉइड, आणि पस्तिशीच्या आसपास सुरू झालेल्या फिट्स. बाबा होते तोवर त्याचे सगळे कागद एका जुन्या सूटकेसमध्ये असायचे आणि सूटकेसकडे कुणी बघायचं नाही. बाबा गेल्यावर ती उघडली तेव्हा कळलं, की प्रमाणपत्र जुन्या पद्धतीचं आहे, बँक खातं आईच्या नावावर आहे आणि विमा म्हणाल तर काहीच नाही. पुढच्या दोन वर्षांत जे शिकले ते इथे ज्या क्रमाने करायला हवं होतं त्या क्रमाने लिहिते आहे. मी अर्थातच उलट्या क्रमाने केलं.

हे मुख्यतः महाराष्ट्रातल्या घरांसाठी आहे. मूल नुकतंच अठरा वर्षांचं झालं असेल किंवा आई-वडिलांकडून ही जबाबदारी भावंडाकडे आली असेल, तर इथून सुरुवात करा.

आधी एक महिन्याचा हिशेब

कुठल्याही योजनेचा फॉर्म हातात घेण्याआधी एक महिना वहीत खर्च लिहा. औषधं, रक्ताच्या तपासण्या, डॉक्टरांची फी, फिजिओ किंवा इतर थेरपी, डायपर, रिक्षा, आणि सोबत जाणाऱ्याची बुडलेली रजा किंवा रोज. शेवटची ओळ बहुतेक जण लिहीत नाहीत. आमच्याकडे तीच सगळ्यात मोठी निघाली.

ही वही का हवी? कारण सरकारी योजना आणि विमा कंपन्या पैसे देतात ते माणूस खाटेवर आडवा पडल्यावर, आणि आपला खर्च होतो तो उभ्याने. फिटच्या गोळ्या, दर काही महिन्यांनी थायरॉइडची टीएसएच तपासणी, दुखरी दाढ, बिघडलेलं पोट. पाच लाखांचं कार्ड खिशात असूनही त्यातला एक रुपया यासाठी मिळत नाही. म्हणून आपल्याला दोन वेगळ्या छत्र्या लागतात: एक रोजच्या रिमझिमीसाठी, एक ढगफुटीसाठी. लोक दुसरी घेतात आणि पहिली विसरतात.

आणखी एक गोष्ट. अठरा वर्षांपर्यंत मुलांच्या तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम असतो, शाळा असते, ओळखीचे बालरोगतज्ज्ञ असतात. अठरा झाली की हे सगळं एकदम थांबतं. पुढे कुठे जायचं हे सांगणारी चिठ्ठीही कुणी देत नाही. ती तुम्ही मागून घ्या: बालरोगतज्ज्ञांकडून एका पानाचा सारांश, त्यात आजवरचे आजार, शस्त्रक्रिया, कुठलं औषध कधी आणि का बंद केलं. पुढच्या डॉक्टरांकडे तपासण्या पहिल्यापासून करायच्या नसतील तर हे पान लागतंच.

प्रमाणपत्र, यूडीआयडी आणि आधारची बोटं

पुढच्या सगळ्या दारांची किल्ली म्हणजे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये एकवीस प्रकार आहेत. बहुतेक लाभांसाठी किमान चाळीस टक्के लागतात. जुनं हाताने भरलेलं प्रमाणपत्र असेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून यूडीआयडी काढा. अर्ज घरून होतो, तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा नेमून दिलेल्या रुग्णालयात. बौद्धिक दिव्यांगत्वासाठी बुद्ध्यंक चाचणीबरोबर रोजच्या व्यवहारातली कुवतही पाहतात, त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ कोणत्या वारी असतात ते आधी विचारून जा. नाहीतर दोन हेलपाटे ठरलेले.

प्रमाणपत्रावर प्रकार नेमका काय लिहिलाय ते तिथेच वाचा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगत्व या चारांना १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याचे लाभ मिळतात. डाउन सिंड्रोम हा शब्द त्या यादीत नाही. तिथे ‘बौद्धिक दिव्यांगत्व’ असंच लिहिलेलं हवं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या व्यक्तीला नुसतं ‘अस्थिव्यंग’ असं प्रमाणपत्र मिळालेलं असेल तर ते दुरुस्त करून घ्या, कारण त्यापायी पुढची पायरी हातची जाते.

आधारचं आणखी एक प्रकरण. मुलांचे बायोमेट्रिक पाचव्या आणि पंधराव्या वर्षी नव्याने द्यावे लागतात. आपल्या घरांत पंधराव्या वर्षीचं हमखास राहून जातं. मग ऐन दवाखान्यात कार्ड काढायची वेळ येते आणि बोटं जुळत नाहीत. ज्यांचे हात आखडलेले आहेत किंवा जे डोळे स्थिर ठेवू शकत नाहीत, त्यांच्यासाठी अपवाद म्हणून नोंद करायची सोय आहे. आधार केंद्रावर हे आपणच बोलून दाखवावं लागतं.

कायदेशीर पालकत्व

अठरा पूर्ण झाल्या दिवशी कायद्याच्या नजरेत तुमचा मुलगा सज्ञान होतो आणि आई-वडील त्याचे नैसर्गिक पालक राहत नाहीत. हे ऐकून माझी आई हसली होती. ‘मग काल रात्री भरवलं कुणी?’ पण बँकेत आणि विम्याच्या क्लेमवर तिची सही चालेना, तेव्हा हसू थांबलं.

वरच्या चार प्रकारांसाठी राष्ट्रीय न्यास कायद्याच्या कलम १४ खाली पालक नेमता येतो. कोर्टात जावं लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते आणि तिच्यात न्यासाकडे नोंदणीकृत असलेल्या एका संस्थेचा व एका दिव्यांग व्यक्तीचाही प्रतिनिधी असतो. अर्ज आई-वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था करू शकते. आमच्याकडे आईच्या संमतीने मी केला. समितीची बैठक कधी होईल हे जिल्ह्याजिल्ह्यावर असतं, म्हणून गरज पडण्याची वाट पाहू नका. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते. घर किंवा जमीन नावावर असेल तर हे विसरू नका. बँकेने आढेवेढे घेतले तर सांगा, की या समितीचं पालकत्व प्रमाणपत्र खातं उघडायला आणि चालवायला ग्राह्य धरावं अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. खातं दादाच्या नावाने, चालवणारे तुम्ही.

पालकत्व मिळालं म्हणजे दादाला विचारायचं नाही असा अर्थ होत नाही, हेही सांगायला हवं. इंजेक्शन कुठल्या हाताला द्यायचं हे तोच ठरवतो.

निरामय: रिमझिमीची छत्री

माझ्या मते या सगळ्यात सर्वात कमी वापरली जाणारी आणि सर्वात कामाची गोष्ट ही. निरामय ही राष्ट्रीय न्यासाची आरोग्य विमा योजना. त्याच चार प्रकारांसाठी, वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही, जन्मापासूनच्या आजारालाही नकार नाही. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण. नवी नोंदणी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला २५० रुपये आणि इतरांना ५०० रुपये. नूतनीकरण अनुक्रमे ५० आणि २५० रुपये. आकडे वाचून फसवणूक वाटते, पण खरे आहेत.

हिचं वेगळेपण असं, की ओपीडीचा खर्च, औषधं, तपासण्या, दातांची निगा, चालू थेरपी, पर्यायी उपचारपद्धती, थोडाफार प्रवास हे सगळं यात येतं. म्हणजे आपल्या वहीतल्या बऱ्याच ओळी. मात्र एक लाख हा एकच डबा नाही, त्यात कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्प्याला मर्यादा आहे. एका कप्प्यातले उरलेले पैसे दुसऱ्यात ओतता येत नाहीत. चालू वर्षाचा मर्यादांचा तक्ता नोंदणी करतानाच मागून घ्या आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

नोंदणी जवळच्या नोंदणीकृत संस्थेमार्फत होते. बहुतेक जिल्ह्यांत एखादी विशेष शाळा किंवा पालक संघटना हे काम करते. प्रमाणपत्र, आधार, पत्त्याचा पुरावा, बँक खात्याचा तपशील, दारिद्र्यरेषेखाली असाल तर त्याचा पुरावा, एवढं लागतं. दवाखाना कुठलाही चालतो, पण पैसे आधी आपण भरायचे आणि नंतर मागायचे.

इथेच सगळे अडकतात. माझा पहिला क्लेम फेटाळला गेला, कारण मी औषधांची बिलं लावली आणि डॉक्टरांची चिठ्ठी लावली नाही. दुसऱ्या वेळी चिठ्ठी होती, पण केमिस्टने बिलावर दादाऐवजी माझं नाव टाकलं होतं. तेव्हापासूनची पद्धत अशी: डॉक्टरांनी प्रत्येक वेळी तारखेची नवी चिठ्ठी द्यायची, बिलावर रुग्णाचं पूर्ण नाव, तपासणीच्या बिलाबरोबर अहवाल, थेरपीच्या पावतीवर किती बैठका आणि कोणत्या तारखांना ते स्पष्ट. मूळ कागद पाठवण्याआधी मोबाइलवर फोटो. आणि कागद वर्षभर साठवत बसू नका, जसे येतील तसे महिन्याच्या आत पाठवा.

निरामयचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असतं. जानेवारीत नोंदणी केलीत तरी ते मार्चमध्येच संपतं. एका वर्षी मी मार्च विसरले आणि नेमकी जूनमध्ये दादाची दाढ काढावी लागली. चूक माझी, बिलही माझं.

खाटेवर पडल्यावर

आता ढगफुटी. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांखाली महाराष्ट्रात कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार विनाशुल्क मिळतात, आणि २०२४ च्या जुलैपासून पांढऱ्या शिधापत्रिकेची घरंही फुले योजनेत आली आहेत. शिधापत्रिकेवर दिव्यांग सदस्याचं नाव आहे ना, ते आज बघा. ‘तो कुठे वेगळा मोजायचा’ म्हणून नाव राहिलेली घरं मी पाहिली आहेत. योजनेतल्या रुग्णालयात दाराशी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं. डॉक्टरांच्या आधी त्याला भेटा. ‘हा उपचार योजनेत बसत नाही’ असं उत्तर मिळालं तर ते लेखी मागा आणि १५५३८८ वर फोन करा. आयुष्मानसाठी १४५५५. एकदा ‘लेखी द्या’ म्हटलं की बऱ्याचदा उपचार योजनेत बसू लागतो.

सत्तर वर्षांवरच्या ज्येष्ठांना मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड आईकडे आहे. त्यात दादा येत नाही. ते फक्त ज्येष्ठांसाठी असतं. असा गैरसमज बऱ्याच घरांत आहे, म्हणून सांगितलं. गोव्यातल्या वाचकांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे: तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख.

योजनेत नसलेला उपचार असेल तर धर्मादाय रुग्णालय. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका घेऊन समाजसेवकांच्या खोलीत जायचं, आणि तेही बिल हातात पडायच्या आधी. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवता येत नाही.

साध्या गोष्टींसाठी सरकारी रुग्णालय विसरू नका. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. २०१६ च्या कायद्यात दिव्यांग व्यक्तीला तपासणीत प्राधान्य द्यावं असंही म्हटलं आहे. रांगेत दोन तास बसू न शकणाऱ्या माणसासाठी हे कलम पैशांहून मोठं आहे. यूडीआयडी दाखवा, नम्रपणे सांगा, आणि मागच्या माणसाची नजर सहन करा.

खासगी विमा, घेणार असाल तर

आईवडिलांच्या किंवा तुमच्या ऑफिसच्या पॉलिसीत अपत्याचं नाव साधारण पंचविशीपर्यंतच असतं. काही पॉलिसींत अवलंबून असलेल्या दिव्यांग अपत्याला वयाची सूट असते. ती बारीक अक्षरांत शोधा आणि एचआरला मेल करून विचारा. भावंडं मात्र बहुतेक पॉलिसींत नसतातच. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस या आरोग्य योजनेत चाळीस टक्क्यांवरच्या अवलंबून अपत्याला वयाची अट नाही. कामगारांच्या ईएसआय विम्याच्या कायद्यातही दिव्यांगत्व आहे तोवर अपत्य अवलंबून मानलं जातं. वडील अशा नोकरीतून निवृत्त झाले असतील तर नाव चढवायचं राहिलंय का ते तपासा.

वेगळी पॉलिसी हवी असेल तर २०२३ च्या फेब्रुवारीत विमा नियामकाने सर्व आरोग्य विमा कंपन्यांना दिव्यांग व्यक्तींसाठी उत्पादन ठेवायला सांगितलं आहे. आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ आता तीन वर्षांहून जास्त ठेवता येत नाही. फॉर्मवर काही लपवू नका, फिटही नाही आणि थायरॉइडही नाही. आणि एक खाच: मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवायला सांगतो, पण त्याच्या व्याख्येत बौद्धिक दिव्यांगत्व येत नाही. एजंट हा कायदा दाखवून काही कबूल करत असेल तर ते लेखी घ्या. तुमच्या माणसाला नैराश्य किंवा तसा आजार वेगळा झाला तर मात्र हा कायदा कामाचा आहे. कंपनीने अडवलं तर आधी तिच्याकडे तक्रार, मग विमा नियामकाचं बिमा भरोसा पोर्टल, आणि क्लेमचा वाद असेल तर मुंबई किंवा पुण्याचा विमा लोकपाल.

परत येणारे पैसे

१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८० डीडी: अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकासाठी ७५ हजारांची, आणि दिव्यांगत्व ऐंशी टक्के किंवा जास्त असेल तर १ लाख २५ हजारांची वजावट. किती खर्च केला याने रक्कम बदलत नाही. यात भाऊ-बहीणही येतात. आरोग्य विम्याच्या हप्त्याच्या ८० डी कलमात मात्र भावंडं नाहीत. म्हणजे दादाचा हप्ता मी भरला तरी त्याची वजावट नाही, पण दादाला सांभाळते म्हणून आहे. कायदा असाच. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगत्व असेल तर फॉर्म १०-आयए लागतो. ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, तेव्हा दोन्ही हिशेब करून बघा. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलतात, सीएला नव्या क्रमांकाने विचारा.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजना. दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये. तहसील कार्यालयात अर्ज.

आणि ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येकाने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. कुठे वैद्यकीय मदत मिळते, कुठे साहित्य, कुठे काहीच नाही. ‘आमच्या पाच टक्क्यांचं यंदा काय केलंत?’ हा प्रश्न ग्रामसभेत विचारा. दूरच्या रुग्णालयात जायचं असेल तर रेल्वेत सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला आणि तिच्या सोबत्याला स्लीपर आणि थ्री एसीमध्ये ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी रेल्वेचं वेगळं ओळखपत्र काढावं लागतं.

डायपरचे पैसे कुठूनच मिळाले नाहीत. घाऊक विक्रेत्याकडून खोकं घेतलं की थोडे वाचतात, तेवढंच.

खर्च उगवतो कुठून

दादा दुखतंय म्हणत नाही. तो जेवण ढकलतो, किंवा कानावर हात मारतो. आम्ही एकदा यासाठी महिनाभर मानसोपचाराच्या गोळ्या वाढवल्या. शेवटी निघाली किडलेली दाढ. वागणं अचानक बदललं तर आधी दात, कान, पोट साफ होतंय का, लघवीची जळजळ, एवढं बघून घ्या.

दातांना तर विशेष जपा. खुर्चीत शांत बसू न शकणाऱ्या प्रौढाच्या साध्या फिलिंगलाही पूर्ण भूल द्यावी लागते आणि बिल कितीतरी पटींनी वाढतं. फेनिटॉइन हे फिटचं औषध घेणाऱ्यांच्या हिरड्या सुजतात आणि वाढतात, म्हणून फिटच्या डॉक्टरांना आणि दातांच्या डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा. मुंबई-नागपूरसारख्या शहरांतल्या शासकीय दंत महाविद्यालयांत खर्च बराच कमी येतो. एकाच भुलीत दात, कानातला मळ आणि रक्ताचे नमुने उरकून घेता येतील का, हे आधी विचारा. आम्ही विचारलं, त्यांनी केलं.

डाउन सिंड्रोम असेल तर थायरॉइडची तपासणी दरवर्षी, आणि चाळिशीनंतर विसराळूपणावर लक्ष, कारण त्यांच्यात अल्झायमर लवकर येतो. सेरेब्रल पाल्सीत गिळताना ठसका लागतो का ते पाहा. अन्न श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया, आणि न्यूमोनिया म्हणजे आयसीयू.

रोजची औषधं जनऔषधी केंद्रात बरीच स्वस्त पडतात. फक्त फिटच्या गोळीची कंपनी डॉक्टरांना न विचारता बदलू नका, आणि एकदा बदलली की दर महिन्याला तीच घ्या.

आमच्या दारामागे आता एक कागद आहे: दादाचं वजन, औषधं आणि वेळा, फिट आली तर किती मिनिटं थांबायचं, दुखलं की तो काय करतो, निरामयचा क्रमांक, १५५३८८. खाली आईने मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘मार्चमध्ये फॉर्म’. दादा येता-जाता तो कागद सरळ करतो.